वरवंट्याचं बारसं

आमच्या बिल्डिंगमध्ये आजही पाच-सहा माणसं अशी सापडतील, जी देवाशपथ सांगतील की माझा जन्म मुलुंडमध्ये झाला. खोटं बोलायचं म्हणून नाही. त्यांनी माझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात, पाळणे म्हटलेत. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी तर स्वतः विणलेलं गुलाबी टोपडं आणलं होतं. ते नेमकं कुणाच्या डोक्यावर घातलं, असं आज विचारलं तर काकू जरा थांबतात आणि विषय बदलतात. कारण त्या बारशाला अख्खी बिल्डिंग हजर होती, फक्त मी नव्हते. मी तेव्हा मस्कतच्या एका इस्पितळात काचेच्या पेटीत होते आणि इथे पाळण्यात होता आमच्या घरचा वरवंटा.

हा उद्योग माझ्या आत्याचा. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आजोबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते मालवणकडे गावी निघून गेले, तेव्हा मुलुंडच्या दोन खोल्या आणि धाकटा भाऊ असं दोन्ही आत्याच्या पदरात पडलं. ती औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तिने भावाला आयटीआय करवलं, एसी दुरुस्तीचं काम शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. स्वतःचं लग्न राहून गेलं असं लोक म्हणतात. ती म्हणते, "राहून कसलं जातंय? मला नव्हतं करायचं." यातलं खरं काय, ते तिलाच ठाऊक. मी कधी खोदून विचारलं नाही, कारण तिला खोदून विचारलेलं चालत नाही.

बाबा मस्कतला कामाला लागले आणि पाठोपाठ आईही गेली. बिल्डिंगच्या लेखी ते 'दुबईवाले' झाले. मस्कत आणि दुबई यांत फरक आहे, हे सांगायच्या फंदात आमच्याकडे कुणी पडलं नाही. पुढे माझी चाहूल लागली. आईला माहेर असं उरलं नव्हतं, आजी आधीच वारली होती. आत्याने फोनवर फर्मान काढलं, "सातव्यात इकडे ये. बाळंतपण मी करीन." पाळणा कुणाकडून तरी मागून आणला. जुन्या सुती साड्यांच्या दुपट्यांची थप्पी लागली. डिंक, खारीक, अळीव डब्यांत भरून ठेवले. पण सातव्यात आईचं ब्लडप्रेशर असं वाढलं की डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली आणि आठवा लागता लागता मी तिकडेच जन्मले. मूठभर वजनाची, निळसर, रडायलासुद्धा आळस करणारी. बाबांनी खालच्या पीसीओवर फोन करून निरोप दिला. मुलगी झाली. पण पेटीत ठेवलंय, काही सांगता येत नाही.

आत्याने त्यातलं पहिलं वाक्य बिल्डिंगभर सांगितलं आणि दुसरं कुणालाही सांगितलं नाही. बाराव्या दिवशी तिने पाळणा सजवला. आमच्याकडे बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालायची रीत आहे. त्याला न्हाऊ घालायचं, काजळ-कुंकू लावायचं, कुंची घालायची, आणि मग बाळाची पाळी. आत्याने वरवंट्यावरच थांबायचं ठरवलं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ती पाळण्यावर वाकली, तिने वरवंट्याच्या कानात कुर्रर्र केलं आणि माझं नाव सांगितलं. रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. बाळ कुठे आहे, असं एकदोघींनी विचारलं असणार. काकूंना एवढंच आठवतं की आत्या म्हणाली, "येतंय. वाटेत आहे."

नंतर एकदा मी तिला विचारलं होतं, "तुला एवढी कसली घाई होती गं?" ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नाव नसलेलं पोर देवाला लगेच परत नेता येतं. नाव ठेवलं की त्याला जरा विचार करावा लागतो." मी हसले. ती हसली नाही. बारशाच्याच संध्याकाळी तिने फोन करून बाबांना नाव कळवलं होतं आणि तेच नाव मस्कतच्या जन्मदाखल्यावर चढलं. तो दाखला वर अरबी, खाली इंग्रजी, मागे आपल्या वकिलातीचा शिक्का. मी चार महिन्यांची असताना आई मला घेऊन आली आणि त्यानंतर मी मुलुंड सोडलं नाही. आई काही वर्षं इथे, काही वर्षं तिथे. मी मात्र कायम आत्याच्या कुशीत, आणि पुढे तिच्या शिव्याशापांत.

हे सगळं एक गंमत म्हणून आमच्या घरात नांदत होतं. त्याची गोची झाली ती मी सरकारी नोकरीला लागले तेव्हा. म्हणजे लागले असं वाटलं तेव्हा.

मी लॅब टेक्निशियन आहे. रक्त घ्यायचं, तपासायचं, रिपोर्ट द्यायचा. मुलुंडमधल्या एका खासगी लॅबमध्ये मी बरीच वर्षं काम केलं. तिथे रजा मागितली की मालकाचा चेहरा कडू कारलं व्हायचा, आणि दर वर्षी 'पुढच्या वर्षी बघू' एवढीच पगारवाढ. अशात एका सरकारी इस्पितळात माझी निवड झाली. कायम नोकरी. आत्याने त्या दिवशी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले आणि प्रत्येक दारात तेच वाक्य म्हटलं, "आता माझे डोळे मिटायला हरकत नाही." मी म्हटलं, "आधी मला रुजू तर होऊ दे, मग मीट."

रुजू व्हायच्या आधी कागदपत्रांची पडताळणी होती. त्यात एक दाखला लागणार होता. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास. सगळं जग त्याला डोमिसाइल म्हणतं. माझा कोर्स खासगी, त्यामुळे तोवर मला त्याची गरजच पडली नव्हती. पडताळणीच्या खिडकीतल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत आणा. नाहीतर वेटिंगवरच्या उमेदवाराला बोलवावं लागेल. माझ्या हातात नाही." आता या दाखल्यात काय कठीण, असं म्हणत मी तहसील कचेरीत अर्ज भरला.

कठीण होतं माझ्या शाळेच्या दाखल्यात. त्यावर जन्मस्थळ लिहिलं होतं मुलुंड.

तेही आत्याचंच काम. बालवाडीत घालताना शाळेतल्या कारकुनाने मस्कतचा दाखला उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हटलं, "बाई, हे आम्हाला वाचता येत नाही. पोरीचा जन्म कुठला, ते प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या." आत्याने लिहून दिलं, घरी, मुलुंड. शिक्का मारून, सही करून. कचेरीतल्या कारकुनाने माझे दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. एकावर मुलुंड, दुसऱ्यावर मस्कत. "मॅडम," तो म्हणाला, "मुलुंडला जन्मलात तर महापालिकेचा जन्मदाखला आणा. मस्कतला जन्मलात तर शाळेत मुलुंड कसं लागलं, ते सांगा. एक काहीतरी ठरवा."

एक काहीतरी ठरवा! जन्म म्हणजे काय भाजी आहे? पण चूक त्याची नव्हती, हे मलाही कळत होतं. हल्ली तर नागरिकत्व या शब्दाला एक वेगळाच वास येतो. आयुष्यभर मुलुंडच्या त्याच गल्लीत भाजी घेतलेल्या बाईला कुणी विचारावं की तू इथलीच कशावरून, आणि त्या बाईला क्षणभर खरंच उत्तर सुचू नये, असं काहीसं झालं माझं. मी बाहेर येऊन उसाचा रस प्यायले.

बाहेर छत्रीखाली एक एजंट बसलेला असतो. त्याने माझ्या चेहऱ्यावरूनच केस ओळखली. "ताई, टेन्शन कशाला घेता? मस्कत विसरून जा. घरी जन्म झाला, नोंद करायची राहून गेली. दोन शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, आपण मुलुंडचाच दाखला काढू. एकदम झकास काम." घरी येऊन हे सांगितल्यावर आत्याचा चेहरा उजळला. "मग करून टाक ना! शेजाऱ्यांना खोटं बोलायला सांगावं पण लागणार नाही. ते मनापासूनच सांगतील."

मी नाही म्हटलं. त्याचं कारण फार थोर नव्हतं. आमच्या कामात पहिला धडा असा असतो की बाटलीवरची चिठ्ठी आणि फॉर्मवरचं नाव जुळलं नाही तर नवी चिठ्ठी चिकटवायची नाही. रक्त पुन्हा घ्यायचं. कितीही खात्री असली तरी. हे इतकी वर्षं केल्यावर स्वतःच्याच जन्मावर नवी चिठ्ठी चिकटवायला हात धजेना. आणि पुढे तीस वर्षं नोकरी करायची, ती दर पडताळणीला छाती धडधडत करायची का? मी आत्याला म्हटलं, "मी मस्कतला जन्मले. बाबा भारतीय, आई भारतीय, म्हणून मी भारतीय. कायदाच असा आहे. मी तेच सांगणार."

"आणि मी शाळेत लिहून दिलं ते?"

"ते चुकीचं होतं, असं तुला सांगावं लागेल."

आत्या उठून स्वयंपाकघरात गेली आणि नको तेवढ्या जोराने भांडी लावायला लागली.

मी मस्कतचा दाखला जोडून नवा अर्ज दिला. त्यावर स्थानिक चौकशी लागली. एका दुपारी तलाठी स्वतः बिल्डिंगमध्ये आले. साधे गृहस्थ, हातात फाइल, घामाने निथळलेले. त्यांना एवढंच हवं होतं की शेजारच्या दोघांनी सांगावं, ही मुलगी इथे लहानपणापासून राहते. पण आमच्या बिल्डिंगमध्ये दोघंच कधी बोलत नाहीत. खाली बाकड्याभोवती सात-आठ जण जमले. मी पाणी द्यायला उभी होते आणि काकूंनी तोंड उघडलं.

"अहो भाऊसाहेब, हिचा जन्मच इथला! मी बारशाला होते."

मी डोळे वटारले. काकूंना वाटलं, मी कौतुकाने बघतेय.

"इथेच म्हणजे कुठे?" तलाठ्यांनी पेन काढलं.

"वर. खोलीतच. सुईण आली होती ना."

"काहीतरीच," तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले. "स्टेशनजवळच्या मॅटर्निटी होममध्ये झाली ही. मी स्वतः डबा घेऊन गेलो होतो."

"तो माझ्या सुनेच्या वेळचा डबा!" कुणीतरी मागून म्हणालं. "ही रिक्षात झाली. मला चांगलं आठवतंय, पाऊस होता."

"काका, काकू, मी मस्कतला जन्मले," मी म्हटलं.

"तू गप गं," काकू म्हणाल्या. "तुला काय माहीत? तू एवढीशी होतीस."

तलाठ्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मुलगी एक," ते मला म्हणाले, "आणि जन्म चार ठिकाणी. मी काय लिहू, सांगा." ते रागावले नव्हते, उलट त्यांना हसू येत होतं. पण त्यांनी लिहिलं ते बरोबरच लिहिलं. शेजाऱ्यांची विधानं परस्परविरोधी. हा शेरा फाइलवर पडला की प्रकरण वरच्या साहेबांकडे जातं. एवढ्या प्रेमाने माझी वाट लावलेली मी आजवर पाहिलेली नाही. त्या रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझा जन्म नेमका कुठे झाला यावर चर्चा रंगली, आणि रिक्षावाल्या बाजूला बरीच मतं पडली.

या सगळ्या वेळात आत्या वर गॅलरीत उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. खाली येऊन ती एक शब्द बोलली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. ती आली नाही. मी जिना चढून गेले ती तणतणतच.

"तू का नाही बोललीस?"

"माका शिकव नको," आत्या म्हणाली. चिडली की ती मालवणीत शिरते. "तुका काय करूचा हा, ता कर. माझ्या तोंडातून ता येवचा नाय."

मग आमचा अबोला सुरू झाला. दोन खोल्यांत अबोला धरणं सोपं नसतं. ती चहा करून माझ्यासमोर आपटायची आणि मी पिऊन कप धुऊन पालथा घालायचे. मला तिचा राग येत होता. महिना सरत चालला होता. कायम नोकरी हातातून जाईल आणि मी पुन्हा त्या कारल्यासमोर रजेचा अर्ज घेऊन उभी राहीन, हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. आणि ते कशासाठी, तर एका म्हाताऱ्या बाईला आपला हट्ट सोडवत नाही म्हणून! असं मी तेव्हा मनात म्हणत होते. तो हट्ट नाही हे मला कळायला हवं होतं, पण राग आला की माझी अक्कल चार पावलं मागे चालते.

आईबाबा आता गावीच असतात. मी आईला फोन करून सगळं सांगितलं. जुने पासपोर्ट हवे होते, आईचा आणि बाबांचा. आईच्या पासपोर्टवर माझी नोंद होती, तिच्याबरोबरच मी इथे आले होते. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"धाडतंय," ती म्हणाली. "ट्रंकेत आसत." मग जरा थांबून, "तिच्यावर रागाव नको गो. तुझा नाव पयला तिनाच घेतल्यान. माझ्या तर तोंडातून शब्द फुटी नाय होतो."

पाकीट आलं ते आत्याच्या हातात पडलं, कारण मी अजून जुन्या लॅबमध्येच कामाला जात होते. संध्याकाळी दार उघडलं तर आत्या खाटेवर बसलेली, चष्मा लावून. पासपोर्ट बाजूला तसेच पडले होते. हातात एक फोटो होता. आईने तो आपल्या पासपोर्टात जपून ठेवला होता. आमच्यापैकी कुणी तो पूर्वी पाहिलेला नव्हता. तिथल्या कुणा नर्सने काढलेला. काचेची पेटी, आत एक सुरकुतलेलं पोर, नाकात नळी, पायाला पट्टी. पेटीला बाजूने गोल भोक आणि त्या भोकातून आत गेलेला एक हात. हातात हिरव्या बांगड्या. एक बोट त्या पोराच्या तळव्यावर टेकलेलं. आईचं तोंड फोटोत नाही, नुसता हात आहे.

मी शेजारी बसले. आत्याने अबोला मोडायचा म्हणून मोडला नाही, तिच्या तोंडून आपोआप निघालं.

"केवढीशी होतीस गो."

"हो."

"हा चुडा मी भरला होता तिला. निघताना." तिने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "एकटी होती बघ ती. तुझा बाबा असायचा कामावर. सोबतीला कोण? कोणी नाही. असे किती दिवस काढले असतील तिने एकटीने, आणि मी इथे सगळ्यांना सांगत फिरले की माझ्या घरात जन्मली."

"तू घाबरली होतीस."

"घाबरले तर होतेच. पण ते काही नाही." तिने चष्मा काढून पदराने पुसला. "मला वाटायचं, नाव मी ठेवलं, तर जन्म पण इथलाच म्हटला तर कुणाचं काय जातंय? जातं गं. हिचं जातं." आणि तिने फोटोतल्या त्या हातावर बोट ठेवलं.

मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. मला तिचं इतकं वाईट वाटलं की नोकरी गेली तरी चालेल असं क्षणभर खरोखर वाटून गेलं. आत्या मात्र व्यवहाराची पक्की. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "कधी जायचं त्या कचेरीत? उद्या जाऊ. आणि ती खालची बोंबलणारी मंडळी नकोत हा बरोबर."

सकाळी ती तयार झाली ती तिची ठेवणीतली मोतिया साडी नेसून. केसांत फूल नको म्हणाली, "लग्नाला नाही चाललो." रिक्षात माझा हात घट्ट धरून बसली होती. मी विचारलं, "भीती वाटतेय?" तर म्हणाली, "खोटी सही केली म्हणून आत टाकतील का गं?" मी म्हटलं, तुला ठेवून घ्यायची त्यांची छाती नाही. ती हसली, पण हात सोडला नाही.

वरच्या साहेब म्हणजे एक नायब तहसीलदार मॅडम होत्या. माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी फाइल चाळली, तलाठ्यांचा शेरा वाचला आणि ओठ दाबून हसू आवरलं. मग आत्याकडे वळल्या. "आजी, बसा. तुमचं हिच्याशी नातं काय?"

या प्रश्नाचं आत्याचं उत्तर मी जन्मभर ऐकत आले होते. शाळेत, दवाखान्यात, लग्नकार्यात, सगळीकडे एकच. माझी पोर.

आत्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "मी हिची आत्या," ती म्हणाली. "ही इथे जन्मलेली नाही. मस्कतला जन्मली. तिथे हिची आई होती. शाळेत मी खोटं लिहून दिलं." एका दमात बोलली. मग पर्स उघडून तिने मला आणल्या दिवसापासूनचं सगळं टेबलावर काढून ठेवलं. लसीचं कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स, शाळेची प्रगतिपुस्तकं.

मॅडमनी कागद पाहिले, आईबाबांचे पासपोर्ट पाहिले, वकिलातीचा शिक्का पाहिला. "बाहेर जन्मल्याने काही बिघडत नाही," त्या मला म्हणाल्या. "वडील भारतीय आहेत, आई भारतीय आहे आणि तुम्ही सलग इथे राहिलात. एवढं पुरे आहे. मध्ये अडत होती ती शाळेची नोंद. यांचा जबाब आला की तेही सुटेल." पुढचं आताच सांगून टाकते. दाखला महिना संपायच्या आत मिळाला, मी रुजू झाले, आणि आता मी त्या इस्पितळात सकाळच्या पाळीला असते. पण मला त्या दिवशीचं आठवतं ते दाखल्यासाठी नाही.

कारकुनाने जबाब टाइप केला. सही घेण्याआधी तो वाचून दाखवायचा असतो. त्याने भराभर वाचायला सुरुवात केली. "मी, खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर सांगते की अर्जदार ही माझ्या भावाची मुलगी असून तिचा जन्म मस्कत येथे झाला आहे. जन्माच्या वेळी मी तेथे हजर नव्हते. शाळेत दाखल करताना जन्मस्थळ मुलुंड असे गैरसमजुतीने..."

"थांबा," आत्या म्हणाली. "गैरसमज नव्हता. मला माहीत होतं."

"आजी," मॅडम म्हणाल्या, "गैरसमजच असू द्या. तुमच्या सोयीचं आहे."

आत्याने विचार केला. "बरं, ते राहू दे तुमच्या शब्दाखातर. पण त्याच्या आधीचं आहे ना, हजर नव्हते, ते तसं अर्धं नका ठेवू."

"म्हणजे?"

"पुढे लिहा. वाट बघत होते."

कारकुनाने मॅडमकडे पाहिलं. "मॅडम, हे जबाबात बसत नाही."

"मग मी सही करत नाही," आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण पेन तिने टेबलावर ठेवून दिलं होतं. मी खालून तिची साडी ओढली. महिनाअखेर माझ्या मानगुटीवर बसलेली होती. तिने माझा हात झटकला. "तिथे नव्हते ते मी सांगितलं ना सरळ? मग हेही सरळच आहे. दोन्ही लिहा, नाहीतर एकही लिहू नका."

मॅडमनी आत्याकडे पाहिलं. मग कारकुनाला म्हणाल्या, "खोटं आहे का ते? नाही ना? मग लिहा."

त्याने लिहिलं, आणि सरकारी माणूस असल्यामुळे सरकारी भाषेतच लिहिलं. आत्याने तो कागद त्याला वाचू दिला नाही. स्वतः चष्मा लावला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि शाळेतल्या पोरीसारखं मोठ्याने वाचलं. "जन्माच्या वेळी मी तेथे हजर नव्हते, परंतु मुलुंड येथे वाट पाहत होते." मग मान हलवून, संपूर्ण नाव लिहून सही केली.

मला रडू आवरेना. आत्या म्हणाली, "आता का रडतेस? झालं ना काम?"